आज काय दिसलं?

दिवाळी तोंडावर आली की पुण्यात आप्पा बळवंत चौकातल्या दुकानांच्या पुढ्यात लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट वह्या रचल्या जातात. कीर्द, खतावणी, रोजमेळ. हिशेब केव्हाच संगणकावर गेला, तरी लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायला वही लागतेच. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, शुभ-लाभ लिहायचं आणि पाडव्याला पहिली रक्कम मांडायची. त्याच दुकानात, थोडं आत, गेल्या काही वर्षांत एक नवं फडताळ आलं आहे. ठिपक्यांच्या पानांच्या वह्या, जाड कागदाची स्केचबुकं, नक्षीच्या चिकटपट्ट्या, ब्रशपेनं, रबरी शिक्के. दुकानातली पोरं या सगळ्याला ‘जर्नलचं सामान’ म्हणतात. कॉलेजातल्या मुली, आयटीतले तरुण, निवृत्त आजोबा तिथे वही हातात घेऊन पानांवरून बोट फिरवत उभे असतात.

“वही एकदाच नेतात,” दुकानाचे मालक म्हणाले. “कुणी भेट द्यायला, कुणी हौसेनं. पण जो रिफिल न्यायला परत येतो ना, तो खरा लिहिणारा. तसे फार थोडे.”

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘सवय’ हा विषय दिला, तेव्हा मला या थोड्यांना भेटावंसं वाटलं. रोज स्वतःसाठी वहीत काहीतरी लिहिणारे, चित्र काढणारे, तिकीट किंवा वाळलेलं पान चिकटवणारे. त्यांची वही कशी टिकते आणि बाकीच्यांची पाचव्या-सहाव्या पानावर का थांबते, हे बघायचं होतं. पुणे, मिरज, जुन्नर असं फिरताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. ज्यांची वही टिकली होती, त्यांनी सुरुवात मनातल्या खळबळीपासून केली नव्हती. डोळ्यांना काय दिसलं, कानावर काय पडलं, हातून काय झालं, एवढंच त्यांनी आधी लिहिलं. मन मागाहून आलं, आणि आलं तेव्हा त्याला बसायला जागा तयार होती.

भिंतीवरचा चौकोन

मिरजेतल्या एका निवृत्त बालवाडी शिक्षिकेच्या स्वयंपाकघरात, असंख्य मराठी घरांत असतं तसं, भिंतीवर कालनिर्णय आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली हे कॅलेंडर सुरू केलं. त्यात तिथी आणि सणवार बघता बघता घरातल्या बाईला लिहायला रोजचा एक चौकोन मिळाला. दुधाचा रतीब, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवालीचे खाडे, दळण टाकलं तो दिवस, पाहुणे कधी आले आणि कधी गेले, सगळं त्या चौकोनात.

बाईंनी जुन्या वर्षांची कॅलेंडरं टाकलेली नाहीत. गुंडाळी करून, सुतळीने बांधून माळ्यावर ठेवली आहेत. त्यांनी माझ्यासमोर एक गुंडाळी सोडली. जूनच्या पानावर सात तारखेच्या चौकोनात ‘मृग. थेंब नाही’ असं लिहिलं होतं. बारा तारखेला शब्द नव्हतेच, निळ्या पेनाने ओढलेल्या तीन तिरक्या रेघा होत्या. “पाऊस आला तेव्हा वाळवण आत घ्यायची घाई होती. लिहायला वेळ कुठला? रेघा मारल्या,” त्या म्हणाल्या. ते त्यांचं पहिलं चित्र. पुढच्या महिन्यांत चौकोनांमध्ये पापड, छत्री, शेजारची मांजर येऊ लागली. थोरला मुलगा नोकरीसाठी घर सोडून गेला त्या दिवशीच्या चौकोनात ‘उद्यापासून दूध अर्धा लिटर कमी’ एवढंच आहे, आणि बाजूला एका बॅगेचं चित्र. त्या दिवशी घरात काय झालं असेल, हे सांगायला आणखी एक शब्दही लागत नाही.

निवृत्तीनंतर बाईंनी वही धरली. दुपारचा चहा झाला की त्या अर्धं पान भरतात. कोऱ्या पानाची भीती त्यांना वाटत नाही, कारण आजही त्या आधी पट्टीने एक चौकोन आखतात आणि त्याच्या आतच लिहितात. जास्त लिहावंसं वाटलं तर दुसरा चौकोन. जागा थोडी असली की माणूस निवडून लिहितो, हे त्यांना कुठल्या कार्यशाळेत शिकावं लागलं नाही.

कारकून, पक्षी आणि जंगल

आपल्याकडची रोजनिशी हिशेबाच्या घरात वाढली. पेशव्यांच्या दफ्तरात रोजकीर्द लिहिली जाई. कुणाला इनाम दिलं, कुणाला दंड केला, कोणत्या गावाला सारा माफ केला, दक्षिणा किती वाटली. मोडी कागदांच्या त्या ढिगातून गणेश चिमणाजी वाड यांनी उतारे निवडले आणि ते पुढे खंडांतून छापले गेले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी १९०० साली या उताऱ्यांवर इंग्रजीत निबंध लिहिला. बखरींमध्ये लढाया होत्या, दरबार होता. माणसं रोज कशी जगत होती, त्यांच्यावर कोणते निर्बंध होते, त्यांना कशात सूट मिळे, हे मात्र रानड्यांना त्या रुक्ष नोंदींत सापडलं. कारकुनाने काही सजवलं नव्हतं, म्हणून शंभर वर्षांनंतर त्याच्यावर विसंबता आलं.

मुंबईच्या खेतवाडीत वाढलेल्या सालिम अलींची गोष्ट याच जातीची आहे. १९०६-०७च्या सुमाराला, दहा-अकरा वर्षांचे असताना, त्यांनी चिमण्यांबद्दल एक छोटी नोंद केली. घरट्यात मादी अंड्यांवर बसलेली, बाहेर खिळ्यावर नर राखण करतोय. पोराने छऱ्याच्या बंदुकीने नर टिपला. थोड्याच वेळात त्या जागी दुसरा नर आला. आठवडाभरात त्याच खिळ्यावरचे आठ नर टिपले गेले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. आपल्याला काय वाटलं, यातलं एक अक्षर त्या मुलाने लिहिलं नाही. जे दिसलं ते क्रमाने लिहिलं. पुढे कित्येक दशकांनी ती नोंद जवळजवळ जशीच्या तशी पक्षिनिरीक्षकांच्या नियतकालिकात छापली गेली.

मारुती चितमपल्ली वनखात्याच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत जंगलातल्या नोंदी ठेवत राहिले. पक्ष्यांची स्थानिक नावं, झाडांचे मोसम, आदिवासींकडून ऐकलेल्या गोष्टी. मराठीला त्यांनी दिलेलं अरण्याचं गद्य आणि पक्ष्यांचा कोश या नोंदींच्या बळावर उभा आहे. वही धरणाऱ्या नवख्या माणसाला मी हीच तीन उदाहरणं सांगते. कारकून, शाळकरी पोर आणि वनाधिकारी. तिघांनीही सुचण्याची वाट बघितली नाही.

एका पानाचे चार भाग

कोथरूडच्या एका बागेत रविवारी सकाळी काही मंडळी जमतात. सतरंजी, पाण्याच्या बाटल्या, रंगांच्या छोट्या डब्या. नियम एकच, कुणी कुणाच्या पानाला ‘छान’ म्हणायचं नाही. जी तरुणी हा गट चालवते ती सुरुवातीला सगळ्यांना पानाचे चार भाग करायला लावते. पहिल्यात काल काय केलं त्याची यादी, दुसऱ्यात काय पाहिलं त्याची, तिसऱ्यात कानावर पडलेलं एक वाक्य, चौथ्यात एक चित्र. ही रीत अमेरिकी चित्रकार-लेखिका लिंडा बॅरी यांची. त्या विद्यापीठात शिकवतात आणि २०१४च्या ‘सिलॅबस’ या पुस्तकात त्यांनी आपल्या वर्गातल्या वह्यांची पद्धत मांडली आहे. घड्याळ लावायचं, काही मिनिटांत पान संपवायचं आणि मिटायचं.

त्या सकाळी माझ्या शेजारी एक संगणक अभियंता होता. त्याच्या पहिल्या दोन याद्या अशा: ‘मीटिंग, मीटिंग, जेवण, मीटिंग’ आणि ‘स्क्रीन’. तो थांबला. मग पुन्हा लिहू लागला: ‘लिफ्टमधला माणूस, त्याच्या हातात झेंडूची परडी’. तिसऱ्या भागात त्याने कोपऱ्यावरच्या पेरूवाल्याचं वाक्य उतरवलं: “काकू, गोड नसला तर पैसे परत, गोड असला तर उद्या परत या.” चौथ्यात परडी काढली, वाकडी, पण झेंडू ओळखू येत होता. “आठ दिवस मी हे करतोय,” तो म्हणाला, “आणि आता दुपारीच माझं लक्ष जातं की संध्याकाळच्या ‘पाहिलं’मध्ये काय लिहायचं.” रात्रीच्या पाच मिनिटांसाठी दिवसभर डोळे उघडे राहू लागले, ही या सवयीची खरी कमाई.

चित्राबद्दल लोक सगळ्यात जास्त कचरतात. चित्रकलेच्या तासाला कुणीतरी कधीतरी हसलेलं असतं, ते विसरलं जात नाही. बागेतल्या गटात त्यावर साधा उपाय आहे. वस्तू समोर ठेवायची, कागदाकडे न बघता तिच्या कडेवरून नजर सावकाश फिरवायची आणि त्याच गतीने पेन्सिल चालवायची. चित्र हमखास वेडंवाकडं येतं, सगळ्यांचंच येतं, त्यामुळे कुणाची लाज उरत नाही. पण किटलीच्या दांड्याला खालून एक बारीक खाच आहे, हे त्या दोन मिनिटांत पहिल्यांदा दिसतं.

चिकटवण्याचंही एक शास्त्र आहे. द्रव गोंदाने पान सुरकुततं, म्हणून ही मंडळी गोंदाची कांडी वापरतात. बसचं यंत्रातून येणारं तिकीट आणि दुकानाची पावती उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते. काही महिन्यांत तिच्यावरची अक्षरं फिकी होतात, पुढे कोरी पट्टी उरते. म्हणून तिकीट चिकटवलं की त्याच दिवशी शेजारी पेनाने लिहायचं: कुठून कुठे, किती वाजता, सोबत कोण.

वही सपाट पडली पाहिजे

नारायण पेठेतल्या एका गल्लीत एक बाइंडर अजून जुजबंदी शिलाई करतात. कागदांची घडी करून एकेक जुज तयार करायचा, जुजाच्या पाठीतून सुई घालायची, मेण लावलेला दोरा पुढच्या जुजात ओवायचा. मग पाठीला खळ. मैदा शिजवून केलेल्या खळीत ते चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे कसर लागत नाही. मी बाजारातली एक देखणी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती मधोमध उघडून बाकावर ठेवली. ती आपोआप मिटली. मग स्वतः शिवलेली उघडून ठेवली. ती तशीच पडून राहिली.

“पाठ नुसती चिकटवलेली असली की वही मिटते,” ते म्हणाले. “एका हाताने दाबून धरायची आणि दुसऱ्याने लिहायचं, असं किती दिवस जमणार माणसाला?” ज्यांच्या वह्या बंद पडल्या त्यांतल्या कितीतरी जणांना आपल्यात चिकाटी नाही असं वाटतं. त्यांची वही सपाट पडते का, पेनाची शाई मागच्या पानावर उतरते का, हे आधी तपासायला हवं. रंग लावायचा असेल तर साधा वहीचा कागद फुगतो, जाड लागतो. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० सालापासून सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करत आली. असा कागद रंगाला उत्तम. मात्र त्याला खळ कमी दिलेली असेल तर पेनाची शाई पसरते. विकत घेण्याआधी कोपऱ्यात एक रेघ मारून बघावी.

हे सगळं आपल्याला फार पूर्वी सांगून झालं आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. समर्थ तिथे अक्षराचा सारखेपणा, ओळींतलं अंतर, शाई, लेखण्या, त्या तासायच्या सुऱ्या यांविषयी बोलतात. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर जाणार नाही, असंही सांगतात. मी हे बोलून दाखवलं तेव्हा बाइंडरांनी दुरुस्तीला आलेली एक जुनी पोथी उघडून दाखवली. खालच्या कोपऱ्यात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या अंगठा टेकला होता, तिथला कागद विरून गेला होता. अक्षर एकही गेलं नव्हतं.

दुःख लिहायचं तेव्हा

वही धरणारे बरेचजण कशाने तरी पोळलेले असतात. वडील गेले, नोकरी गेली, लग्न मोडलं. अशा वेळी लिहिण्याचा उपयोग होतो का, याचा अभ्यास अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी केला. तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी चार दिवस ओळीने, रोज पंधरा मिनिटं लिहायचं होतं. एका गटाने आयुष्यातल्या आघाताची फक्त घटना लिहिली, एकाने फक्त भावना, एकाने दोन्ही, आणि एकाने साध्यासुध्या विषयांवर लिहिलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे विद्यार्थी पुढच्या सहा महिन्यांत आरोग्यकेंद्रात कमी वेळा गेले. पण लिहून उठल्याबरोबर तेच जास्त खिन्न होते आणि त्यांचा रक्तदाबही चढलेला होता.

यातून घेण्यासारखं बरंच आहे. लिहिल्यावर लगेच हलकं वाटलं नाही तर लिहिणं चुकलं असं समजू नये. रोज तेच दुःख उगाळत बसायचीही गरज नाही, प्रयोग चारच दिवसांचा होता. आणि ‘मला फार वाईट वाटतंय’ या ओळीशी अडकून पडलेल्या माणसाने काय घडलं, कुठे घडलं, कोण काय म्हणालं, हे लिहून बघावं. हात थरथरू लागला, झोप उडाली, तर वही मिटून जाणत्या माणसाकडे किंवा डॉक्टरकडे जावं. वही सोबत करते, उपचार करत नाही.

वही कुणी वाचली तर

साताऱ्याची एक मुलगी पुण्यात नोकरी करते. नववीत असताना तिची रोजनिशी चुलतभावाने शोधून काढली आणि जेवणाच्या पंगतीत मोठ्याने वाचली. सगळे हसले. तिने लिहिणं बंद केलं. आमच्या घरांत माणसं भरपूर असतात, कुलूप लागणारा कप्पा क्वचितच असतो, आणि मुलीने काय लिहिलं हे बघण्याचा हक्क घरातल्या प्रत्येकाला आहे असं धरून चाललं जातं. ‘मुक्तपणे लिहा’ असा सल्ला देणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यायला हवं.

काही वर्षांनी ती मोडीच्या वर्गाला गेली, इतिहासाच्या आवडीने. आधी सबंध ओळीची शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहीत जायची, ही रीत तिला आवडली. सराव म्हणून रोज काय लिहावं, असा प्रश्न आला. तेव्हा तिने पुन्हा रोजनिशी लिहायला घेतली. “वही आता टेबलावर उघडी असते,” ती म्हणाली. “आई पुसायला उचलते, परत ठेवते. ‘काय सुंदर दिसतं गं’ म्हणते.”

ज्यांना मोडी येत नाही त्यांचेही मार्ग मी पाहिले. एक काकू नावांऐवजी भाज्या लिहितात. एक तरुण पान दुमडून कडा चिकटवून टाकतो. एक नर्स सुट्या कागदावर लिहिते आणि लिहून झालं की फाडते. ज्याला जे सुरक्षित वाटेल ते त्याने करावं. भीत भीत लिहिलेली वही फार दिवस चालत नाही.

लाल पेन नसलेला वर्ग

जुन्नर तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत परिपाठानंतर फळ्यावर एक प्रश्न असतो: आज काय दिसलं? मुलांनी घरून शाळेत येईपर्यंत जे पाहिलं ते तीन ओळींत लिहायचं, हवं तर चित्र काढायचं. गुरुजी वाचतात, पण ऱ्हस्व-दीर्घ सुधारत नाहीत, गुण देत नाहीत, बरोबरची खूणही करत नाहीत. शुद्धलेखनाची वही वेगळी आहे.

तिसरीतल्या एका मुलाने लिहिलं होतं: ‘आमच्या शेळीला करडू झालं. ते उभं राहिलं. पडलं. परत उभं राहिलं.’ खाली काढलेल्या करडाला सहा पाय होते. गुरुजींनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “ते हलत होतं ना!” गुरुजींनी पाय खोडायला लावले नाहीत.

या मुलांचे खाडे होतात, वह्या हरवतात, शेतीच्या दिवसांत पानं कोरी राहतात. गुरुजी मागचं भरून काढायला सांगत नाहीत. यामागे अनुभव आहे, आणि अभ्यासही त्यांच्या बाजूने आहे. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग ठेवला होता. सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही दिसलं. एकवीस दिवसांत सवय लागते असं ऐकून बाविसाव्या दिवशी निराश होणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत. राहिलेल्या दिवसांची पानं कोरी सोडून आजच्या तारखेने पुढे जावं. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, शक्यतो रोजच्या एखाद्या कामाला जोडून, आणि पान छोटं. एवढं जमवलं की सवयीला धरायला काठ मिळतो.

कुणाचा दिवस लिहिला जातो

पेशवाईच्या रोजकीर्दीत साधी बाई येते ती तिला दंड झाला तर, किंवा काही माफी मिळाली तर. त्या दिवशी तिने काय रांधलं, विहिरीवर कुणाशी बोलली, कशावर हसली, हे कुणी लिहिलं नाही, आणि लेखणी तिच्या हाती नव्हती. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. १९१० साली रमाबाई रानड्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. ज्या न्यायमूर्तींनी राज्यकर्त्यांच्या रोजनिशांमध्ये लोकजीवन शोधलं, त्यांच्याच घराचं रोजचं जगणं त्यांच्या पत्नीने लिहून ठेवलं, म्हणून आपल्यापर्यंत आलं. एवढ्यासाठी किती पिढ्यांना झगडावं लागलं!

रोजच्या अर्ध्या पानाला मी म्हणूनच फावल्या वेळचा छंद मानत नाही. आपले फोटो आणि निरोप आज फोनमध्ये साठतात, फोन बदलला की निम्मे जातात, आणि उरलेले कुणी पुन्हा उघडून बघत नाही. हाताने लिहिलेलं पान थोडं असतं, पण ते आपण निवडलेलं असतं. ज्यांचा दिवस शतकानुशतकं दुसऱ्याने लिहिला किंवा कुणीच लिहिला नाही, त्यांना आता लिहिता येतं आणि वही दहा-वीस रुपयांत मिळते. शेतमजूर बाईने, रिक्षावाल्याने, शाळकरी पोराने, घर सांभाळणाऱ्या आजोबांनी आपापल्या हाताने आपला दिवस लिहावा. तो आपल्याइतका नेमका दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.